डोक्यावरचं दप्तर खाली उतरवा



या वेळचं संपादकीय कॉम्प्युटरवर फाइली कशा ठेवायच्या यावर आहे. काहीजण कपाळाला आठ्या घालतील. नोकऱ्या कंत्राटात गेल्या, राखीव जागा कागदावर उरल्या, वस्त्यांवर हल्ले होतायत आणि हा संपादक माऊस धरायला शिकवतोय! होय, शिकवतोय. ज्याला राग येईल त्यानं राग खिशात ठेवून शेवटपर्यंत वाचावं, मग शिव्या द्याव्यात.

आधी दप्तराचं बोलू. देशावर दप्तर कुळकर्ण्याचं, आपल्या कोकणात वही खोताची. कुळानं किती घातलं, किती उरलं, हे खोताच्या वहीत. कुळाला ती वही दिसायची नाही. आणि महार? महारानं सारा तालुक्याला पोचवायचा. टपाल पुढच्या गावाला न्यायचं. साहेब आला की त्याचं ओझं उचलायचं. कागद डोक्यावर, पण कागदात काय आहे ते इचारायचं नाय. कुणाची जमीन, कुणाचं कर्ज, कुणाचं वेठ, सगळं आपल्याच डोक्यावरून गेलं आणि आपल्या डोक्यात काही शिरू दिलं नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली, १९३७ साली खोती मोडायचं बिल आणलं. खोती गेली, कुळकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं गेलं, महार वतन १९५८ च्या. दप्तर मात्र गेलं नाही. त्यानं फक्त जागा बदलली.

आता ते कॉम्प्युटरात आहे. सातबारा कॉम्प्युटरात, डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिपचा फॉर्म, सगळं कॉम्प्युटरात. आणि महाड-पोलादपूरच्या कुठल्याही नाक्यावर बघा, आपला पोरगा काचेच्या या बाजूला उभा आहे आणि माऊस त्या बाजूच्या माणसाच्या हातात आहे. पोरगा प्लास्टिकच्या पिशवीतनं कागद काढून देतो. तो माणूस स्कॅन करतो, कुठल्या तरी फोल्डरात टाकतो, पैसे घेतो. पुढच्या वर्षी तोच कागद, तेच स्कॅन, परत पैसे. पोरगा बारावी झालेला असतो. त्याच्या खिशात पंधरा हजारांचा मोबाइल असतो. पण आपलाच दाखला कुठे पडलाय ते त्याला सांगता येत नाही. ‘डाउनलोड झालं होतं’ म्हणतो. कुठे? ‘मोबाइलमध्ये.’ मोबाइलमध्ये कुठे? गप्प.

हे त्याचं अज्ञान नाही. मोबाइल मुद्दाम तसा बनवलाय. फोटो दिसतो, फोटोची जागा दिसत नाही. वस्तू कुठे आहे हे कळलं नाही की माणूस वस्तूच्या मालकाकडे जाऊन हात पसरतो. जुनी गोष्ट आहे, फक्त काच नवीन.

फाइल मॅनेजर म्हणजे काय? ही काच बाजूला करणारी खिडकी. डावीकडे फोल्डरांचं झाड, उजवीकडे त्या फोल्डरात काय पडलंय ते. दोनदा टिचकी मारली की फोल्डर उघडतो. उजवं बटण दाबलं की विचारतो, काय करू? कॉपी, कट, नाव बदल, पुसून टाक. एवढंच. यापेक्षा साधी गोष्ट कॉम्प्युटरात दुसरी नाही आणि यापेक्षा महत्त्वाचीही नाही.

हा माऊस काही देवानं दिलेला नाही. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट नावाच्या माणसानं १९६८ च्या डिसेंबरात तो लोकांसमोर चालवून दाखवला, त्याचा पहिला नमुना लाकडाचा खोका होता. मग १९८१ साली झेरॉक्स कंपनीनं स्टार नावाचं मशीन काढलं. त्याच्या पडद्यावर साहेबाच्या हापिसाचं चित्र होतं: कागद, फायली, फोल्डर, कपाट. १९८४ साली अॅपलच्या मॅकिन्टॉशनं ते चित्र लोकांपर्यंत नेलं, पुढे विंडोजनं तेच केलं. टेबलाला डेस्क म्हणतात म्हणून पडद्याला डेस्कटॉप. ज्यांच्या घरात कधी टेबल नव्हतं त्यांच्या पोरांना हे चित्र ओळखीचं वाटत नाही, यात नवल ते काय? आमच्याकडे कागद पत्र्याच्या ट्रंकेत, नाहीतर छपराच्या वाशाला टांगलेल्या पिशवीत. कॉम्प्युटर बनवणाऱ्यानं आपली ट्रंक बघितली असती तर पडद्यावर ट्रंक आली असती. ते असो. ट्रंक समजा आणि उघडा.

आता ट्रंकेचं काय झालं ते सांगतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

२२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या. बाजारपेठ बुडाली, तळमजले पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. माणसं गेली त्याबद्दल इथे लिहायची माझी ताकद नाही. ज्यांची माणसं वाचली त्यांच्याबद्दल लिहितो. पाणी ओसरलं तेव्हा घराघरांतनं चिखल निघाला आणि चिखलातनं कागदांचा लगदा निघाला. शाळा सोडल्याचा दाखला, आज्याचा जन्माचा उतारा, बँकेचं पुस्तक, घरपट्टीची पावती. मदत पाहिजे तर कागद दाखव. कागद कुठाय? नदीत.

पावसात पैसेवाल्याचा कागदही भिजतो, मान्य. पण तो वकिलाला फोन करतो आणि नक्कल निघते. आपला एक कागद भिजला तर तीन पिढ्या भिजतात. कसं? अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे आज्याचा, पणज्याचा. आज्या शाळेत गेलेला नसतो. मग गावच्या कोतवाल बुकातली नोंद शोधायची, जिथे जन्ममरणासमोर जात लिहिलेली असते. ती एकदा हाती लागली की सोन्यासारखी. जात पडताळणीचा कायदा २००१ साली अमलात आला तेव्हापासून त्या एका ओळीसाठी आपली पोरं तालुक्याला खेटे घालतायत. ज्यांनी आपल्याला जात चिकटवली तेच आता विचारतात, जातीचा पुरावा काय? आणि बौद्ध झालेल्यांना तर केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं.

तो कागद एकच असेल आणि तो ट्रंकेत असेल, तर पोराचं इंजिनियरिंग, पोरीचं नर्सिंग सावित्रीच्या मर्जीवर उभं आहे. आणि सावित्रीची मर्जी आपण पाहिलीय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिनं इंग्रजाच्या काळातला दगडी पूल नेला आणि त्याच्यावरच्या एस्ट्या नेल्या. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. हा मुलूखच असा आहे. इथे एकच प्रत ठेवणं म्हणजे वेडेपणा.

म्हणून कॉपी. आणि कॉपी म्हणजे नेमकं काय ते नीट समजून घ्या, कारण इथेच माणसं फसतात. माऊसनं फाइल धरून दुसऱ्या फोल्डरात ओढून टाकली की काय होतं? दोन्ही फोल्डर एकाच डिस्कवर असले तर फाइल हलते, पहिल्या जागी उरत नाही. पेन ड्राइव्हवर ओढली तर मात्र तिची नक्कल होते, मूळ जागेवर राहते. हात तोच, ओढणं तेच, परिणाम दोन. हे कुठे लिहून लावलेलं नसतं. तेव्हा कंट्रोलचं बटण दाबून ओढायची सवय लावा, मग कुठेही ओढा, कॉपीच होणार. नाहीतर उजवं बटण दाबून सरळ कॉपी म्हणा आणि दुसरीकडे जाऊन पेस्ट. चार टिचक्या जास्त पडतील, पडू देत.

दुसरी फसवणूक शॉर्टकटची. डेस्कटॉपवरच्या चित्राला कोपऱ्यात बारीकसा बाण असतो. ती फाइल नव्हे, फाइलीकडे दाखवणारं बोट आहे. बोट पेन ड्राइव्हवर घालून पोरं मुलाखतीला जातात आणि तिथे उघडत नाही. फाइल घरी, बोट मुंबईत. आपल्या काही पुढाऱ्यांसारखं: बाबासाहेबांचं बोट तेवढं उचलून आणलंय, बाबासाहेब घरीच ठेवलेत.

तिसरी पुसण्याची. विंडोजवर आपल्या डिस्कवरची फाइल पुसली तर ती कचऱ्याच्या टोपलीत जाते, परत काढता येते. पेन ड्राइव्हवरची पुसली तर टोपली नाही, थेट गेली. आणि गेली म्हणजे तरी काय? डिस्कवर यादीतलं नाव खोडतात आणि जागा मोकळी म्हणून धरतात. मजकूर तिथेच पडून असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून चुकून पुसलं तर मशीनला हात लावू नका, जाणकाराला बोलवा. आपला इतिहास असाच पुसलाय. यादीतनं नाव काढलं आणि वर दुसऱ्यांनी लिहून ठेवलं.

आता नावाचं. मी गोदीत राबतो. यार्डात डब्यावर डबा, डब्यावर डबा, हजारो. सगळे सारखे, गंजलेले, निळे, तांबडे. तरी पाहिजे तो डबा सापडतो. कारण प्रत्येकावर चार अक्षरं आणि सात आकडे. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं प्रकाराचं, सहा आकडे डब्याचे आणि शेवटचा आकडा तपासणीचा. आधीचं एखादं अक्षर किंवा आकडा लिहिताना चुकला तर बहुतेकदा शेवटचा जुळत नाही आणि चूक पकडली जाते. जगातल्या कुठल्याही बंदरावर हीच रीत. डब्यात सोनं असो की चिंध्या, नंबर नसेल तर तो यार्डात सडतो. आणि आपल्या मशीनवर काय? ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर दोन’, ‘फायनल’, ‘फायनल फायनल’, ‘खरंच फायनल’. यात आईचा दाखला कोण शोधणार?

साधा नियम करा. आधी साल, मग महिना, मग दिवस, मग माणसाचं नाव, मग कागदाचं. सगळीकडे इंग्रजी नाहीतर सगळीकडे देवनागरी आकडे, सरमिसळ नको. साल पुढे असलं की फाइल मॅनेजर आपोआप जुन्यापासून नव्यापर्यंत रांग लावतो. नाव मराठीत लिहा, चालतं. पण मजकूर युनिकोडमध्ये लिहा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्या कार्यकर्त्यांनी जुन्या फाँटांत टाइप केलेल्या कविता, पत्रकं आज उघडून बघा, नुसता किड्यामुंग्यांचा बाजार दिसतो. तो फाँट मशीनवर नसेल तर कविता मेली. युनिकोडला तो रोग नाही.

इथे एक कडू गोष्ट बोलायची आहे. चळवळीचं दप्तर.

आपल्याकडे फूट पडली की दप्तर ज्याच्या घरी त्याचं. रिपब्लिकन पक्षाची शकलं झाली, पँथर १९७२ साली जन्मली आणि १९७४ साली दुभंगली. पत्रकं, ठराव, सभेचे हिशेब, सायक्लोस्टाइल केलेले अंक कुणाच्या पोटमाळ्यावर गेले, कुणाच्या रद्दीत. ज. वि. पवारांनी कागद जपले म्हणून पँथरचा इतिहास आतल्या माणसाला लिहिता आला. दासगावात वाढलेले कॉम्रेड आर. बी. मोरे, महाडच्या १९२७ च्या परिषदेमागे राबलेले, त्यांनी स्वतःची हकीकत लिहून ठेवली आणि मुलानं ती जपून पुस्तकात आणली. नाहीतर चवदार तळ्याच्या गोष्टीतली खालच्या माणसांची धावपळ आपल्याला कळली असती का? बाबासाहेबांचे खंडसुद्धा आपोआप आले नाहीत. सरकारचा पहिला खंड १९७९ साली निघाला. वसंत मून यांनी त्या कागदांत आयुष्य घातलं. पुढे काम इतकं रेंगाळलं की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांच्या कागदांची ही गत, तर आपल्या वाडीतल्या शाहिराची वही कुठल्या झाडाचा पाला!

म्हणून चळवळीचं दप्तर एका माणसाच्या घरी, एका मशीनवर, एका नेत्याच्या ईमेलात नको. तीन प्रती. एक महाडात, एक पोलादपुरात, एक मुंबईत. पुराचं पाणी तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी शिरत नाही, आणि तिन्ही माणसं एकाच दिवशी विकली जात नाहीत.

ज्यांना विंडोजचे पैसे परवडत नाहीत त्यांनी तोंड पाडू नये. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला, आणि धड चालणारी मशिनं जुनी ठरली. असं मशीन स्वस्तात मिळालं तर घ्या. त्यावर लिनक्स फुकट चालतं. आपल्या अंकाच्या खोलीतलं मशीन तसंच आहे. त्याच्यावरचा फाइल मॅनेजर, पीसीमॅन-एफएम, तैवानच्या हाँग जेन यी या माणसानं लिहायला घेतला आणि जगाला देऊन टाकला. हलका आहे, म्हाताऱ्या मशीनवर पळतो, नखरे नाहीत.

या लिनक्समध्ये एक गंमत बघायला मिळते. कुठल्याही फाइलीवर उजवं बटण दाबा, गुणधर्म उघडा, परवानग्या बघा. तीन वर्ण दिसतील: मालक, गट आणि इतर. कुणी वाचायचं, कुणी बदलायचं, हे त्या तिघांसाठी वेगवेगळं ठरवलेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. ‘इतर’ म्हणजे कोण ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पण मनूच्या पुस्तकात आणि यात फरक आहे. इथे ‘इतर’ जन्मानं ठरत नाही, आणि मशीन आपलं असेल तर टिचकी आपली.

आणि नुसती परवानगी लिहून भागतही नाही. बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला पास झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. फाइलीत खुलं! तळ्यावर पाऊल टाकायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळ भरली, तेव्हा फाइलीतलं वाक्य जिवंत झालं. लगेच ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं ठराव मागे घेतला. फाइल पुसली म्हणा ना. मग सवर्णांनी दावा लावला, तो नऊ वर्षांहून जास्त चालला, आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला की अनादि काळापासूनची रूढी असल्याचं त्यांना सिद्ध करता आलं नाही. लक्षात घ्या, सिद्ध करता आलं नाही! कोर्टात त्यांची परंपरा पुराव्याला उणी पडली. बाबासाहेबांनी जमाव जेवढा जपला तेवढाच कागद जपला. ओंजळ आणि फाइल, दोन्ही.

आमच्यातलेच काही म्हणतात, ही मध्यमवर्गी कामं आहेत, रस्त्यावर उतरा. उतरतोच आहोत. पण मोर्चात घातलेला गुन्हा, त्याची कोर्टातली तारीख, जामिनाचा कागद, जखमी पोराचं डॉक्टरी सर्टिफिकेट, हे सगळं मोर्चा पांगल्यावर कुणाकडे असतं? पोलिसांकडे असतं. त्यांच्याकडे तारीखवार असतं. आपल्याकडे कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर वर कुठेतरी गेलेलं असतं. अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदार फुटतो तेव्हा पहिल्या दिवशीची फिर्यादीची नक्कल हातात असणं म्हणजे काय, ते ज्याला गरज पडलीय त्याला विचारा.

एक सावधगिरी. सगळ्यांचे कागद एका मशीनवर आले की ते मशीन म्हणजेच नवं दप्तर, आणि माऊस धरणारा नवा कुळकर्णी. आपल्यातला असला म्हणून काय झालं? तेव्हा ज्याचा कागद, त्याला स्वतःच्या हातानं स्कॅन करू द्या, नाव देऊ द्या, त्याच्याच पेन ड्राइव्हवर कॉपी करू द्या. दुसऱ्याचा आधार नंबर, बँकेचं पुस्तक आपल्या मशीनवर ठेवायचं नाही. काम झालं की पुसायचं आणि टोपलीही रिकामी करायची. चळवळीचे कागद वेगळ्या फोल्डरात, घरचे वेगळ्या. कुणी म्हातारी हात थरथरतो म्हणाली तर तिच्या हातावर हात ठेवा, पण माऊस तिच्या हातातनं काढून घेऊ नका.

या पावसाळ्याआधी खोली दर रविवारी सकाळपासून उघडी राहील. स्कॅनर आहे, लाइट गेली तर बॅटरी तासभर चालते. जुने अंक, पत्रकं, जलशांच्या वह्या, परिषदांचे फोटो घेऊन या, मूळ प्रत त्याच दिवशी परत मिळेल. ओले, चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, तसेच आणा. पेन ड्राइव्ह नसेल तरी या. आणि येताना आजीला बरोबर आणा. कोतवाल बुकातल्या त्या नावाचा माणूस कोण, कुणाचा कोण, हे घरात तिला एकटीलाच ठाऊक असतं, आणि ते अजून कुठल्याच फोल्डरात नाही.